सरळ रेषेवरून कुणी जात नाही

मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर आहे? सुमारे ७,२०० किलोमीटर. उत्तर बिनचूक आहे. अडचण एवढीच की त्या ७,२०० किलोमीटरच्या वाटेने फेब्रुवारी २०२२ पासून एकही प्रवासी विमान गेलेलं नाही.

ही वाट कुठून जाते ते आधी पाहू. मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या जगाच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि लंडन जोडलं, तर रेघ अरबी समुद्र ओलांडून होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे जाते. तिथून ती बगदाद आणि इस्तंबूल यांच्या जवळून युरोपात शिरते. आता पृथ्वीगोल घ्या आणि याच दोन शहरांमध्ये एक दोरा घट्ट ताणून धरा. दोरा भलतीकडेच जातो. मुंबईहून तो वायव्येला निघतो, सौराष्ट्र ओलांडून कच्छच्या टोकाला लागतो, कराचीवरून बलुचिस्तानात आणि तिथून पूर्व इराणात घुसतो. कास्पियन समुद्राचं दक्षिण टोक मागे टाकल्यावर कॉकेशसचे डोंगर येतात. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी या प्रवासाच्या जवळजवळ मध्यावर आहे. पुढे काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा, क्रिमियाचं उत्तर टोक, सगळं युक्रेन, प्राग, जर्मनी आणि मग लंडन.

गोलावरचा दोरा खरा, नकाशावरची पट्टी खोटी. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली आपला नकाशा काढला तो खलाशांसाठी. त्यावर सरळ रेघ ओढली की होकायंत्राचा एकच कोन धरून मुक्कामाला पोचता येतं. सोय मोठी होती, पण तिच्यासाठी अंतरांचा बळी द्यावा लागला. गोलावरची सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून. तिचं अंतर काढायला फार गणितही लागत नाही. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, त्याचे ३६० अंश, म्हणून एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. मुंबई आणि लंडन यांच्यात पृथ्वीच्या केंद्राशी जवळपास ६५ अंशांचा कोन होतो. ६५ गुणिले १११ केलं की ७,२१५. विमान जमिनीपासून अकरा किलोमीटर वरून जातं म्हणून हे वर्तुळ किंचित मोठं होतं, पण त्याने वाढतात ते जेमतेम बारा किलोमीटर.

आणि पट्टीची वाट किती लांब? सुमारे ७,४०० किलोमीटर. फरक फक्त दोनशेचा. हा आकडा लक्षात ठेवा, कारण राजकारणाने विमानांना आज जवळपास त्याच वाटेवर आणून सोडलं आहे.

जमिनीवर देशाची हद्द असते तशी ती आकाशातही असते, आणि ती ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोच्या करारात कागदावर पक्की झाली. आपल्या भूमीवरच्या हवेवर प्रत्येक देशाची संपूर्ण सत्ता. नुसतं डोक्यावरून जाणाऱ्या विमानालाही परवानगी लागते, आणि बहुतेक देश त्याचे पैसेही घेतात. एरवी याचा प्रवाशाला पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो एखाद्या देशाने दार लावलं की. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्याच दिवशी युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. पूर्व युक्रेनचा धडा तर त्याआधीच मिळाला होता. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशियाचं विमान तिथे क्षेपणास्त्राने पाडलं गेलं होतं.

दोऱ्याचं दुसरं टोक आपल्या शेजारी अडतं. भारताच्या बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस आकाश बंद केलं, ते पूर्ण उघडलं जुलैच्या मध्यावर. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ ला, पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली, आठवडाभरात भारतानेही तेच केलं, आणि मग ही बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. इथे भूगोलाची एक गंमत आहे. एरवी दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा जवळ आहे, थोडीथोडकी नाही, जवळपास पाचशे किलोमीटरने. पाकिस्तान बंद झालं की दिल्लीच्या विमानाला आधी नैऋत्येला, अरबी समुद्राकडे उतरावं लागतं. मस्कतवरून जायचं धरलं तर दिल्ली–लंडन अंतर ६,७०० वरून ७,८०० च्या आसपास जातं. मुंबईचं विमान मात्र मस्कतवरून गेलं तरी ७,४०० किलोमीटरच, म्हणजे आपल्या पट्टीच्या रेघेइतकंच. दिल्लीचा फायदा पुसला जातो आणि मुंबई लंडनला जवळची होते. एकही शहर जागचं हललेलं नसताना.

पण मस्कतच्या पुढे इराण आणि इराक आहेत. १३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान हवेत होतं. इराणचं आकाश बंद झालं आणि ते विमान सुमारे तीन तास उडून मुंबईला परत आलं. त्या प्रवाशांना ‘मुंबई ते मुंबई किती अंतर’ या प्रश्नाचंही उत्तर मिळालं असणार.

हे सगळं आजच्या काळातलं वाटत असेल तर १९३२ साल पाहा. ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची टपाल सेवा सुरू केली होती. लंडनजवळच्या क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावर पाण्यात उतरणारं विमान, मग इजिप्तहून पुन्हा जमिनीवरचं विमान, आणि इराणच्या किनाऱ्याने कराची. एकंदर सात दिवस. त्या काळी आगबोटीने आलेलं विलायतेचं पत्र मुंबईत दोन आठवड्यांच्या आसपास पोचत असे, त्यामानाने ही झेपच होती. पण इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची सवलत चालू ठेवायला नकार दिला, आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये कंपनीने आपली वाट उचलून आखाताच्या अरब बाजूला, शारजाकडे नेली. आजची विमानं इराण टाळून ज्या किनाऱ्याकडे वळतात तोच हा किनारा. मधल्या नव्वद वर्षांत विमान ओळखू येणार नाही इतकं बदललं. अडवणूक तीच राहिली.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, कराचीला उतरलेलं हे विलायती टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून मुंबईला निघाले. वाटेत अहमदाबादला बैलगाडीवरून आलेले पेट्रोलचे डबे टाकीत रिकामे केले आणि दुपारी ते जुहूच्या धावपट्टीवर उतरले. टपालाचा पुढचा, मद्रासपर्यंतचा प्रवास त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी केला. लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं तेही याच साली. तिथल्या मंडळींना घरचं पत्र निम्म्या वेळात मिळू लागलं, बहुतेक माणसं मात्र अजून बोटीनेच जात-येत होती. त्यांच्या वाटेवर सुएझचा कालवा होता. १८६९ साली तो खुला झाला तेव्हा मुंबई–लंडन सागरी अंतर सुमारे १९,८०० किलोमीटरवरून ११,६०० वर आलं होतं. खऱ्या अर्थाने अंतर कमी करणारं काम या मार्गावर तेवढंच एक झालं. विमानांनी वेळ कमी केला.

८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून निघालं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं हे पहिलं उड्डाण. कैरो आणि जिनिव्हा असे दोन मुक्काम घेत, पस्तीस प्रवाशांना घेऊन ते सुमारे चोवीस तासांनी लंडनला पोचलं. जे. आर. डी. स्वतः त्यात होते. थांबे हौसेचे नव्हते, मुंबईहून थेट लंडन गाठणं त्या विमानाच्या आवाक्यात नव्हतं. पण जिनिव्हाला उतरायचं म्हणजे आल्प्सच्या अंगावरून खाली यायचं, आणि त्याची किंमत दोनदा मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना त्याच पर्वतावर कोसळलं. त्यातल्या ११७ जणांमध्ये अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. थेट उड्डाणामुळे वेळ वाचतो हे सगळेच सांगतात. मधलं प्रत्येक उतरणं आणि उडणं टळतं हा त्याचा मोठा लाभ आहे, आणि तो तिकिटावर लिहिलेला नसतो.

१९६० साली एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुंबई–लंडन मार्गावर आलं आणि पंख्यांच्या विमानांचा जमाना संपला. इथे वाचकाने जरा थांबावं. ते ७०७ ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडत असे. आजचं बोइंग ७८७ सुद्धा ताशी नऊशेच्या आसपासच उडतं. साठ वर्षांत मोबाइल खिशात आला, संगणक टाचणीच्या टोकावर मावू लागला, आणि प्रवासी विमानाचा वेग जिथल्या तिथे आहे. ही आळशीपणाची गोष्ट नाही. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या जवळ असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. विमान त्याच्या ८५ टक्क्यांच्या पुढे सरकू लागलं की हवेचा अडथळा एकदम चढतो आणि इंधनाचा खर्च हाताबाहेर जातो. काँकॉर्डने १९७६ ते २००३ या काळात ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेऊन दाखवले, पण त्याचा जमिनीवर ऐकू येणारा स्फोटासारखा आवाज अनेक देशांना नको होता आणि इंधनाचा हिशेब बहुतेक कंपन्यांना परवडला नाही. तेव्हा १९४८ च्या चोवीस तासांचे आज दहा झाले, ते निम्मे जेट इंजिनाने आणि निम्मे टाकीच्या आकाराने. १९६० नंतरचा सगळा फायदा तर गळालेल्या थांब्यांचाच.

आता ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. मग वेळापत्रकात जाताना दहाच्या आसपास आणि येताना नऊच्या आसपास का? लांबलेली वाट हे एक कारण झालं, पण ती जाता-येता सारखीच लांब असते. तासाभराचा हा फरक कुठून आला?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून, असं उत्तर शिकलेली माणसंही देतात. मग तर उलट व्हायला हवं होतं. मुंबई विमानाखालून ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाने पूर्वेला पळत असेल, तर लंडनहून येणाऱ्याला तिचा पाठलाग करता करता नाकी नऊ आले असते. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. धावत्या एसटीत उडी मारणारा मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच हे.

खरं कारण वारा. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या विमानांच्या उंचीवर, तिचे अरुंद, वेगवान पट्टे बनतात. हे जेट प्रवाह. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी साडेतीनशेच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला, पण निबंध लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत, जगभर समजावा म्हणून. तो जवळजवळ कुणीच वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर निघालेल्या अमेरिकी बाँबफेकी विमानांना हा वारा समोरून भिडला तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली.

भारताचा वाटा यात दुसऱ्या दिशेच्या वाऱ्याचा आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर, आणखी उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह उभा राहतो. त्याचा शोध १९५० च्या दशकात भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी लावला. मुंबईहून जुलैत निघालेल्या विमानाला या बदलाचा थोडा दिलासा मिळतो. जानेवारीत निघालेल्याला नाही.

वाऱ्याचा हिशेब वाटतो तितका सोपा नसतो. समजा ताशी शंभर किलोमीटरचा वारा जाताना समोरून आणि येताना पाठीमागून आहे. जाताना वेग ८००, म्हणून नऊ तास. येताना १,०००, म्हणून सात तास बारा मिनिटं. एकूण सोळा तास बारा मिनिटं. वारा नसता तर आठ आणि आठ सोळा झाले असते. जाताना गमावलेलं येताना भरून निघेल अशी आशा असते, पण निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात माणूस जास्त वेळ अडकतो आणि सुलट्या वाऱ्यात कमी वेळ असतो. बारा मिनिटं क्षुल्लक वाटतील. मोठं विमान तासाला पाचएक टन इंधन जाळतं, तेव्हा ही बारा मिनिटं म्हणजे एक टन.

म्हणूनच प्रत्येक उड्डाणाआधी त्याची वाट आखणारा फ्लाइट डिस्पॅचर जवळची वाट शोधत बसत नाही, स्वस्त वाट शोधतो. याचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. अटलांटिकवरून हे अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने तेच विमान उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट १५,३०० किलोमीटरची झाली आणि वेळ उलट कमी झाला, साडेचौदा तासांच्या आसपास. चौदाशे किलोमीटर जास्त आणि तरी लवकर, कारण वारा सगळ्या वाटेभर पाठीशी. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कियारा’ वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असं म्हणता येत नाही, भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

राहिलं घड्याळ. मुंबईहून रात्री २ ला निघून सकाळी ६.३० ला लंडनला, असं तिकिटावर वाचून साडेचार तासांत विलायत गाठली असं समजणारे आजही भेटतात. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटन घड्याळ तासभर पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतं, तेवढ्या काळात फरक साडेचार तासांचा. आपण घड्याळाला हात लावत नाही, हे आपल्या साधेपणाचं एक उदाहरण मानायला हरकत नाही.

आणि हे दहा तासही सगळे हवेतले नव्हेत. वेळापत्रकातला वेळ मोजतात तो विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते लंडनच्या फलाटाला लागून थांबेपर्यंत. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी उड्डाणाआधीची रांग लांबते. लंडनच्या हीथ्रोला धावपट्ट्या दोन आणि विमानं भरमसाट, म्हणून बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार ठिकाणी आकाशात घिरट्या घालत पाळी येण्याची वाट पाहावी लागते. रात्री साडेअकरा ते पहाटे सहा या वेळेत तिथे विमानांच्या संख्येवर मर्यादाही आहे. कंपन्या हा सगळा उशीर आधीच वेळापत्रकात मुरवून ठेवतात. ‘वीस मिनिटं लवकर पोचलो’ अशी घोषणा झाली की टाळ्या वैमानिकाला मिळतात. खरं श्रेय बहुधा वेळापत्रक आखणाऱ्याच्या सावधपणाचं असतं.

एखाद्या लांबच्या शहराचा विमानाचा वेळ स्वतः काढून पाहायचा असेल तर गोलावरचं अंतर घ्या, त्याला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई–लंडनला हे उत्तर नऊ तास येतं. पश्चिमेला जात असाल तर त्यात अर्धा ते एक तास घाला, हिवाळा असेल तर जरा सढळ हाताने. मग त्या दिवशी वाटेत कुणाचं आकाश बंद आहे का ते पाहा. आणि हीथ्रोहून पुढचं विमान किंवा रेल्वे धरायची असेल, तर गेल्या वर्षी त्याच मार्गावरून जाऊन आलेल्या नातेवाइकाचा अनुभव बाजूला ठेवून या महिन्याच्या वेळापत्रकातला वेळ धरा, आणि मध्ये किमान तीन तास मोकळे ठेवा.